बसप्पाचं औषध

बायको गेल्यापासून देवाशी माझं बोलणंच बंद होतं. खोटं कशाला सांगू, शेजारच्या बसप्पाचा मला हेवा वाटायचा. माझ्याएवढाच म्हातारा, पण त्याची बायको, गौराक्का, जिती. उन्हाळ्यात त्याचे डोळे आले, पू धरला. डॉक्टरांनी तपासून थेंब दिले. गौराक्का त्याला ओट्यावर बसवायची, मान मागं करून थेंब टाकायची. मी दारातनं बघायचो आणि जळायचो. आठवड्यात गडी बरा.

मग शेळ्यांना कडबा टाकताना ज्वारीचं एक वाळकं ताट माझ्या डाव्या डोळ्याला लागलं. डोळा लाल झाला, पाणी थांबेना. बसप्पाला गुण येतो आणि मला येणार न्हाय व्हय? त्याच्या बाटलीचं खोकं दुकानात दाखवून तसलीच बाटली आणली. आरशापुढं एकटाच टाकायचो. दोन थेंब गालावर, एक डोळ्यात. दोन दिवसांत लाली उतरली. वाटलं, जिंकलो. पण पुढं दिसायचं धुरकट झालं आणि उजेड सुईसारखा टोचायला लागला.

तसाच सोमवारी सिद्धेश्वराच्या रांगेत उभा राहिलो. हात जोडायला नव्हे, भांडायला. बायको माझीच नेलीस, आता डोळाबी माझाच का? बसप्पाचंच सगळं शाबूत कसं? गाभारा चार माणसांवर आला, तेव्हा पुढची बाई वळली.

"बाबा, डोळा बघू. वर बघा जरा."

मी खिशातली बाटली दाखवली.

"कुणी दिली ही?"

"शेजाऱ्याला दिलती डॉक्टरनं."

"मग शेजाऱ्याच्या डोळ्यात टाका की!" ती म्हणाली. "ह्यात जंतू मारायचं औषध हाय, तसं स्टिरॉईडबी हाय. वरनं लाली जाती, आत जखम वाढती. बुबुळावर पांढरं दिसतंय. चला."

ती डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होती. हातातोंडाशी आलेलं दर्शन सोडून तिनं मला रिक्षात घातलं, सात रस्ता चौकाजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांपुढं बसवलं आणि आपल्या कामाला लागली. नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर डोळा गेला होता. जुनी बाटली बंद, नुसतं जंतूंचं औषध, तेही तासातासाला. कोण टाकणार? मी कुणाला सांगितलं नाही, पण माझी आरशापुढची धडपड बघून गौराक्का साबणानं हात धुवून दारात हजर.

"भावजी, डोळा मिटू नका की! रेडकावानी मान काय हलवताय?"

ओट्यावरनं बसप्पा ओरडला, "मला चापट मारायची ही, तुमाला भावजी म्हणती. आता मलाच हेवा वाटाय लागलाय!"

मान मागं टाकून, डोळा उघडा ठेवून दुसऱ्याच्या हातावर विसंबायचं, एवढंच काम होतं. ते मला लई जड गेलं. बायको गेल्यापासून कुणी कपाळाला हात लावला नव्हता. औषधाबरोबर दुसरंही पाणी वाहिलं.

जंतू मेले, जखम भरली, तेव्हा डॉक्टरांनीच थोडे दिवस, नजर ठेवून, स्टिरॉईडचे थेंब दिले. ज्यानं डोळा जायची वेळ आली होती, तेच. मी दुसऱ्याचं बघून घेतलं तेव्हा त्यानं घात केला. जाणत्यानं वेळ बघून दिलं तेव्हा गुण आला. देवाकडंही मी बसप्पाच्या वाटणीचंच मागत होतो. आता मागत नाही. माझ्या दुखण्याला काय आणि कधी, ते त्यानं बघावं.

हेवा पुरता गेला असं म्हणणार नाही. दोघं ओट्यावर दिसली की अजून टोचतं. पण दर सोमवारी रांगेत उभा राहतो आणि गाभाऱ्यात त्या बाईच्या वाटणीचा एक नमस्कार जास्त घालतो. तिचं दर्शन माझ्यापायी राहिलं होतं.