घोड्याचे चारही पाय

सोनल गेल्याचा फोन माझ्या जेठांना, थोरल्या दिरांना, आला. त्यांनी ओसरीवर माझ्या नवऱ्याला सांगितलं. पोटच्या मुलीची बातमीसुद्धा मला दाराआडूनच कळली... पुण्यात, साध्या तापाचं निमित्त होऊन, चार दिवसांत.

गेल्या वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेआधी, तिथल्या घोडेबाजाराआधी, ती महिनाभर घरी होती. जेठ घोड्यांचे व्यापारी, घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. आपले आणि आपल्या सोबत्यांचे घोडे गिऱ्हाइकांना मोबाइलवर आधीच दिसावेत म्हणून त्यांनी तिला वेबसाइट करायला सांगितली होती. ती माझ्याजवळ स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसे. मी चौथी शिकलेली, पण माझ्या माहेरी घोडे होते, घोडा घेताना आधी काय बघायचं ते मला ठाऊक होतं. एकदा तिनं विचारलं, "माय, घोडा लेताना पहिले काय दखतस?" भाकरी थापता थापता मी म्हटलं, "पाय."

तेवढ्या एका शब्दावर तिनं सगळं मोडून पुन्हा मांडलं. आधी पानावरची सगळी कार्डं, म्हणजे एकेका घोड्याच्या फोटोच्या चौकटी, एका मापाची होती, त्यात उभ्या फोटोतल्या घोड्यांचे पाय कापले जात. आता प्रत्येक कार्ड आपल्या फोटोएवढं लांब. तीन उभ्या ओळी, आणि जी ओळ आखूड राहील तिच्याखाली पुढचं कार्ड जाऊन बसायचं. मांडणी खालीवर दिसे, पण प्रत्येक घोडा खुरापर्यंत उभा होता.

ओसरीवर चार माणसांत, आपला घोडा सोबत्यांच्या घोड्यांखाली दिसताच आबा भडकले. "मन्हा घोडा यासना घोडाना खाले का बरं?"

"आबा, खाले-वर काहीच नही. फोटो पुरा दिसाले पाहिजे. गिऱ्हाईक पाय दखस."

"तुले कोनी सांगं? बायासले घोडासनं काय समजस?"

सगळे हसले. सोनलनं दाराकडे पाहिलं. मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होते. 'मी सांगितलं' एवढंच म्हणायचं होतं... मी पदर सारखा केला आणि आत वळले.

तिनं कार्डं पुन्हा एका मापाची करून दिली आणि पुण्याला निघाली. जाताना निरोपाचं "येस माय" तेवढं म्हणाली, माझ्याकडे न बघता. ती शेवटची भेट.

दशक्रियेला आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "पोर भलती हुशार व्हती." मी तेव्हाही आतच होते.

तिचा लॅपटॉप मैत्रिणीनं आणून दिला, उघडायला शिकवलं. खालीवर मांडलेलं ते पान सोनलनं पुसलं नव्हतं. मी रोज दुपारी बघते. आबांचा पांढरा घोडा मधल्या ओळीत, खाली. यात्रेत तो विकलाही गेला. फोटोत डाव्या पुढच्या पायावर तो भार देत नाही, नुसता टेकवून ठेवतो. सोनलनं फोटो दाखवला तेव्हाच तो पाय अधू असल्याचं माझ्या ध्यानात आलं होतं. तिलाही मी ते सांगितलं नाही.