जर्मनचं गाव

आमच्या कोकणात जर्मन म्हणजे पातेलं. ॲल्युमिनियमच्या भांड्याला सगळे जर्मनच म्हणत. माझी शाळा चौथीत सुटलेली, त्यामुळे जर्मन नावाची माणसंही असतात हे मला कळलं ते दुबईत, साठच्या दशकात. खाडीकाठी इमारत उठत होती. तिथला इंजिनिअर साहेब जर्मन, मी गवंडी. आमचा स्वयंपाक करणारे भटारी चाचा माझ्याच गावचे, पूर्वी बोटीवर असल्याने इंग्रजी जाणणारे. मला चिडवायचे, "तुझा जर्मन बोलतो तरी. माझा नुसता काळा पडतो."

त्या उन्हाळ्यात गावी आमचं घर वणव्यात जळलं. जोतं तेवढं उरलं. धाकट्या भावाचा निरोप आला, आता सडकेला लागून नवं बांधू, तू फक्त हो म्हण. माझ्याच्याने हो म्हणवेना. अब्बांची नजर केव्हाच गेलेली. जुन्या घरातून ते विहिरीवर, मशिदीत एकटे जायचे, कुणाचा हात न धरता.

माझा उतरलेला चेहरा बघून साहेबाने चाचांना कारण विचारलं. ऐकून तो बिनदुधाचा सुलेमानी चहा घेऊन आमच्यात बसला. मग बोलू लागला, आणि चाचा मला सांगत गेले. त्याचं गाव न्युरेंबर्ग. लढाईत बाँब पडले, किल्ल्याखालचं जुनं शहर म्हणजे दगडविटांचा ढीग झाला. काहीजण म्हणाले, इथलं सोडा, दुसरीकडे वसा. पण लोकांनी ढिगारे उपसले, बायांनी चुना खरवडून विटा परत कामाला लावल्या. घरं नवी, पण गल्ल्या बऱ्याचशा जुन्या वळणाच्याच ठेवल्या.

"ह्याची आई म्हणते," चाचा म्हणाले, "घर ओळखू येत नाही, पण पाय बरोबर वळतात."

"मग?"

"मग काय. साहेब विचारतो, तुझ्या बापाचे पाय कुठे वळतात?"

चाचा सुट्टीवर निघाले, तेव्हा त्यांच्याकडेच मी निरोप दिला: भिंती हव्या तशा बांधा, जोतं आणि दार हलवू नका. भाऊ रुसला. त्याचंही खरं होतं, सडकेवर दुकान चाललं असतं.

पुढे मी आगबोटीने गावी गेलो तोवर साहेब मायदेशी परतला होता. त्याचे आभार मानायचे राहिले, ते अजून मनात आहेत. जुन्या जोत्यावर उभ्या नव्या घराशी पोचलो तेव्हा तिन्हीसांज झालेली. उंबऱ्याशी मी अब्बांचा हात धरायला गेलो.

"तू माझा धर," ते म्हणाले. "तुला नवं आहे, पडशील."