सतरा काविळी आणि एक विहीर

रायगडात तळा गावाहून माणगावकडे जाताना आत वळलं की चाळीस उंबऱ्यांचं एक गाव लागतं. तिथली आशा सेविका म्हणजे सुचिता. चौदा वर्षं ती घरोघर फिरते आहे. गावात कुणाचं पोट कशानं बिघडलं, हे घरच्यांच्या आधी तिला कळतं. तोंडानं फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही. कुणाला घाबरणं तर तिला ठाऊकच नव्हतं. गेल्या एप्रिलात मात्र ती पार हबकली.

गावात कावीळ आली. आधी एक, मग चार, आणि बघता बघता सोळा. आणि सुचिताची लेक क्रांती सातव्या महिन्यात, माहेरी. शिमग्याला देवीची ओटी भरायला आली ती बाळंतपणापर्यंत राहायचीच होती. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी सुचिताला बाजूला घेतलं. ही कावीळ पाण्यातून येते, म्हणाल्या, धडधाकट माणसाला महिनाभर लोळवते आणि सोडते, पण गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. कुठल्या पाण्यातून आली ते शोधा.

झालं, सुचिता कागद घेऊन निघाली. पाणी कुठलं पिता? नळाचं. महिन्यापूर्वी कुठलं प्यायलात? नळाचंच की. चाळीस घरांत एकच उत्तर. आरोग्यसेवक अल्पेशनं नळाचं पाणी तपासायला पाठवलं, टाकी तपासली. दोन्ही स्वच्छ! तो बिचारा डोकं खाजवत बसला.

सतरावा रोगी तर गावात राहतच नव्हता. चंदर पनवेलला ट्रक चालवतो, शिमग्याला एक दिवस येऊन गेला होता. सुचितानं त्याला फोन लावला.

"ताई, मी तर बाटलीचं पाणी घेऊन आलो होतो," तो म्हणाला. "गावात पाण्याचा थेंब घेतला न्हाय."

"आठव नीट. एक थेंबसुद्धा न्हाय?"

"न्हाय. म्हणजे, तीर्थ घेतलं तेवढंच."

सुचितानं फोन ठेवला. शिमग्याला देवीची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर टेकली, की शेजारच्या जुन्या विहिरीचं पाणी काढतात, देवीच्या पायांवर घालतात आणि तीर्थ म्हणून वाटतात. वर्षातून तेवढ्या एकाच दिवशी त्या विहिरीत कळशी पडते. आणि तीर्थाला गावात कुणी पाणी म्हणत नाही, मग विचारल्यावर सांगणार कोण? तिनं स्वतःच्या घराचा कागद काढला. तिथंही तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, नळाचं. त्या दिवशी तीर्थाची कळशी घेऊन तीच फिरली होती आणि क्रांतीच्या ओंजळीत तिनंच ओतलं होतं.

पुजारी कोंडाजीबाबा आधी भडकले. "देवीच्या पाण्यानं माणूस आजारी पडतो व्हय?"

सुचितानं वाद घातला नाही. अल्पेशला घेऊन विहिरीच्या वरच्या अंगाला गेली. तिथं मुंबईच्या कुणीतरी नवं फार्महाऊस बांधलं होतं, आणि त्याच्या संडासाचा खड्डा विहिरीपासून वीस पावलांवर होता. पाण्याचा अहवालही वाईट आला. कोंडाजीबाबांनी तो खड्डा डोळ्यांनी पाहिला मात्र, त्यांचा नूरच पालटला. "माझ्या देवीच्या विहिरीला कुणाचा संडास!" म्हणत त्यांनी स्वतः विहिरीवर काटेरी फांद्या टाकल्या. पुढच्या वर्षीचं तीर्थ उकळूनच वाटायचं, हेही त्यांनीच जाहीर केलं. शोध लावल्याचा मान तेवढा सुचिताला द्यायला विसरले, पण ते चालायचंच.

घरोघर पाणी उकळू लागलं. नवा रोगी आला नाही, जुने हळूहळू उठून बसले. क्रांतीचं रक्त चांगलं आलं, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून तीन आठवडे लक्ष ठेवा. गाव सुटलं, सुचिता सुटली नाही. रोज सकाळी ती लेकीला उजेडात उभं करून पापण्या ओढून बघायची. जेवण जाईना, कुणी हाक मारली तरी दचकायची.

पाचव्या दिवशी आईनं एकच पापणी तीनदा ओढून बघितली, तेव्हा क्रांतीनं तिचा हात धरला.

"आई, रागावशील."

"काय झालं? कुठं दुखतंय?"

"दुखत न्हाय. मी तीर्थ प्यायलेच न्हाय गं. त्याला वास मारत होता, मला मळमळलं. तू पुढं गेलीस तसं खाली सोडून दिलं."

"आन इतके दिस बोलली न्हायस?"

"देवीचं तीर्थ टाकलं. बाळाला पाप लागंल म्हणून भ्यायले."

सुचितानं हात उगारला. एक ठेवून द्यावी असंच वाटलं तिला. तो हात लेकीच्या गळ्यात पडला आणि ती मोठ्यानं रडायला लागली, रडता रडता हसायला लागली.

"लागू दे मला पाप," ती म्हणाली. "सगळं मला लागू दे."