काकांचा निळा रंग

लोणावळ्यात गंज मनापासून आवडणारा एकच माणूस होता, आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. पावसाळ्यात सारं गाव कड्याकुलपांना तेल चोळत असे, तेव्हा आमचे काका भिंतींना ओल सुटली म्हणून खुलत. रेल्वेतली फिटरची नोकरी संपल्यावर लोकांच्या बंदुकांना निळसर काळा रंग चढवण्याचा त्यांनी ध्यास घेतला होता. सोनाराच्या तेजाबापासून केलेलं औषध बंदुकीच्या नळीला फासायचं, न्हाणीघरात टांगून ती मुद्दाम गंजवायची, मग पाण्यात उकळायची. तांबडा गंज काळा पडला की तारेच्या ब्रशाने हलकेच घासायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नळी टांगलेली असली की घरच्यांनी आंघोळीला शेजारी जायचं. तेलकटपणा लागला तर रंग धरत नाही, म्हणून तळणही बंद. एका गौरीगणपतीत मावशीने करंज्यांसाठी चढवलेली कढई काकांनी तेल तापायच्या आत उचलून शेजारी नेऊन ठेवली.

"करंज्या चार दिवसांत संपतील," ते शांतपणे म्हणाले, "हा रंग नातवंडं बघतील."

"मग फराळाला नळीच वाढते तुम्हाला," मावशी म्हणाली आणि लाटणं घेऊन शेजारी गेली.

मी त्यांच्याकडे राहत असताना एका श्रावणात कार्ल्याचे एक म्हातारे आबा ठासणीची बंदूक खांद्यावर घेऊन आले. भातात डुकरं शिरत म्हणून त्यांच्या वडिलांनी घेतलेली. आता आबांना नीट दिसत नव्हतं, मागे कोणी नव्हतं, म्हणून ती सरकारजमा करायची होती.

"जमाच करायची तर रंग कशाला, आबा?" मावशीने विचारलं.

"गंजकी कशी द्यावी, बाई? बापाची हाय. लोकं म्हंत्याल, सांभाळली न्हाई."

काकांनी बंदूक ठेवून घेतली. त्या नळीला त्यांनी जेवढं जपलं, तेवढं खंडाळ्याच्या कुठल्या साहेबाच्या दुनळीलाही जपलं नसेल. काम झाल्यावर आबांनी तिच्यावरून सावकाश बोटं फिरवली.

"माज्या ल्हानपणी अशीच व्हती," ते म्हणाले.

पोलीस चौकीवर आबा, काका आणि मी असे तिघे गेलो. शिपायाने बंदूक न बघताच कोपऱ्यात इतर बंदुकांना टेकवून ठेवली. बाहेर आल्यावर काकांनी मला घरी पाठवलं. ते स्वतः परतले संध्याकाळी, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून.

"कुठे होतात?" मावशीने विचारलं.

"कार्ल्यापर्यंत गेलो होतो. आबांना मोकळ्या खांद्याने चालायची सवय नाही," काका म्हणाले. "म्हणून आपलं, सोबतीला."

 मावशीने त्यांच्या पायांवर ऊन पाणी घातलं.