नाकेदारभाऊची पुंजी

पैसे कुठे ठेवावेत, हे मला कोणी विचारू नये! विचारलं की मी सल्ला देत नाही, किस्सा सांगतो, आणि एक सांगितला की त्याच्या मागून दुसरा येतो. आमच्या रेंज ऑफिसात असे इतके किस्से साचले होते, की त्यांची वेगळी फाईलच लावायला हवी होती. पण फाईल ठेवायला एकच कपाट, आणि त्यात उधई, म्हणजे वाळवी!

गोष्ट सन पन्नास-साठच्या दरम्यानची. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणायचे. एटापल्लीच्या बाजूला आमचं कवेलूच्या छपराचं ऑफिस, सभोवार जंगल. मी बावीस वर्षांचा ज्युनियर क्लर्क. माझ्यावर बडेबाबू, त्यांच्यावर रेंजरसाहेब. आणि गोविंदभाऊ नाकेदार, म्हणजे जंगलाचे गार्ड.

गोविंदभाऊ वर्षभरात घरी बसणार होते. नोकरी कच्ची, पेन्शन नाही, मूलबाळ नाही. ते आणि बायको सखूबाई, बस्स. तीस वर्षांत जमवलेली पुंजी त्यांनी जंगलात कुठंतरी ठेवली होती. कुठं, ते सखूबाईलाही ठाऊक नव्हतं! मला तर त्या विचारानंच धडकी भरायची.

"भाऊ, उद्या तुम्हाला वाघानं नेलं तर?"

"मले खाईन तो. पैसे थोडी खाते!"

*

मी कोणत्या तोंडानं त्यांना बोलत होतो, तेही ऐका. तीन पगार मोडून मी ग्रामोफोन घेतला होता. रेकॉर्ड एकच! रोज संध्याकाळी तीच वाजायची. भाऊ एकदा ऐकायला बसले आणि म्हणाले, "बाबू, म्हातारपणी रेकॉर्ड चावशीन का? दात तं राह्यले पायजे!"

आम्ही खूप हसलो. आठच दिवसांत नागपूरहून घरचं पत्र आलं, आई सिरियस आहे, ताबडतोब नीघ. माझ्या खिशात नागपूरचं भाडं नव्हतं! ग्रामोफोन कोणी घेईना. मी पायरीवर डोकं धरून बसलो. भाऊ तडक जंगलात गेले, अर्ध्या दिवसानं आले आणि माझ्या हातावर दहा रुपये ठेवले.

"जाय. माय पहिले."

आई वाचली. पैसे मी दोन महिन्यांत फेडले, पण लाज अजून फिटलेली नाही. आज तो बावीस वर्षांचा शहाणा समोर आला, तर त्याचा कान पिळून सांगीन, "लेका, आधी घरी पोचायचं भाडं बाजूला टाक. मग काय वाजवायचं ते वाजव!"

*

बडेबाबू मात्र हुशार. त्यांनी पोस्टात खातं काढलं होतं. मुलीचं लग्न ठरलं आणि पासबुक काढायला गेले, तर पासबुकाची चाळणी. उधई! मुलाकडचे लोक तर तारीख पक्की करून बसलेले.

पोस्टातून निरोप आला, चांद्याला या आणि सही करून दाखवा. बडेबाबूंनी मोटारीत चांद्यापर्यंत सहीची प्रॅक्टिस केली. इतकी केली, की खिडकीपाशी पोचेपर्यंत सही मोत्यासारखी झाली.

"ही सही जुळत नाही," पोस्टमास्तर म्हणाले. दुसरी केली. तीही जुळेना. तिसरीही तशीच. शेवटी बडेबाबू भडकले. "काऊन जुळत नाई? तक्रार करतो तुमची!" तिथंच कागद ओढून तक्रार लिहिली आणि खाली रोजच्यासारखा सहीचा फर्राटा मारला.

पोस्टमास्तरांनी तो कागद उजेडात धरला. "हां! आता जुळली. पैसे घ्या."

*

एकदा सायकलवर विम्याचा एजंट आला. कोट, टाय, बॅग, सगळं टकाटक. त्यानं गोविंदभाऊंना धरलं. "माणसानं उद्याचा विचार आजच करावा! रोजचं काम काय तुमचं?"

"पायी फिरनं."

"कुठं?"

"वाघ फिरते तिथी."

एजंटचं लिहिणं थांबलं. नेमकं तेव्हाच नाल्याकडून वाघ ओरडला. भर दुपारी! एजंट उठून दाराला कडी घालून आला. "मला सडकेपर्यंत कोणी सोडेल का?"

"सोडतो ना," भाऊ म्हणाले. "पन भेता काऊन साहेब? तुमचा तं विमा असन!"

एजंटनं बॅग छातीशी धरली. "अजून काढला नाही हो!"

*

आता भाऊंचा किस्सा.

भाऊ आठवडाभर तापानं पडून होते. कामावर आले त्याच सकाळी नव्या रेंजरसाहेबांनी सांगितलं, "नाल्यापलीकडचा जंगलाचा पट्टा, तो कूप, तोडीला दिलाय. या वेळी पोकळ झाडंही ठेवायची नाहीत. चार दिवस झाले, तोड चालू आहे."

भाऊंच्या हातातला चहा सांडला. बाहेर येऊन त्यांनी माझं मनगट पकडलं. "बाबू, चाल संगं. माहं सगळं तिथी पोकळ सागात हाये!"

पोकळ सागाला ठेकेदार कधी हात लावत नसे, म्हणून तर त्यांनी तो निवडला होता.

सात मैलांची वाट. तापातून उठलेला साठीचा माणूस पुढं, आणि मी धापा टाकत मागं. भाऊ वाटेत एकदाच बोलले. "सखूले काय सांगू?" मग कुऱ्हाडी ऐकू यायला लागल्या. एक झाड धाडकन पडलं आणि भाऊ जागच्या जागी उभे राहिले. मीच त्यांना ओढत नेलं.

कूप उघडाबोडका झाला होता. नुसते बुंधे! आणि मधोमध एकच साग उभा. भाऊंचा साग!

भाऊ धावले. पण झाडाभोवती तोडीवाले माडिया आदिवासी बसले होते, बायकापोरांसकट. बुंध्याला हळद, खाली तांदूळ. त्यांचा म्होरक्या लालसू पुढं आला.

"भिऊ नको, नाकेदारभाऊ. ठेकेदार लय ओरडला, पन आमी कुऱ्हाड लावली नाई. तुहा देव हाये ना हा?"

"माहा... देव?"

"आमी पाह्यतो ना! दर पगाराले येते, जोडे काढते, पुटपुटते, ढोलीत हात घालते. एवढी भक्ती कोनाची हाये?"

भाऊ जोडे काढायचे ते मुळावर चढायला, आणि पुटपुटायचे ते रुपये मोजताना! मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"पावते तुहा देव," लालसू म्हणाला. "माही पोरगी तीन दिवस काईच खाये नाई. परवा इथी हात जोडले, ढोलीत चार आने टाकले. काल पेज पेली! आता सगळेच टाकून राह्यले."

ती पोरगी आईच्या खांद्यावर मान टाकून भाऊंकडे बघत होती. सगळेच बघत होते.

मी भाऊंच्या कानाशी लागलो. "सांगून टाका, भाऊ. आत्ताच! सगळं म्हातारपण आहे तुमचं त्यात."

भाऊंनी जोडे काढले. मुळावर चढले. ढोलीपाशी हात नेला. मग त्यांनी वळून त्या पोरीकडे पाहिलं.

दुसऱ्या हातानं भाऊंनी खिसा चाचपला, एक रुपया काढला आणि आत टाकला.