भिंतीपासून वीतभर

बाळांनो, आपला जुना फ्रिज वाचला.

वसाहतीतल्या पर्यावरण संस्थेची माणसं घरोघरी येऊन वीज कुठे वाया जाते ते बघतात. आपल्याकडे खालच्या मजल्यावरच्या नेनेबाई आल्या. फ्रिज दिवसभर घुरघुरत असे, म्हणून त्या "हा आता टाकाच" म्हणतील याची मला धास्ती होती. त्याच्या दारावर तुम्ही लहानपणी चिकटवलेली फुलपाखरं आहेत. तो भंगारात कसा द्यायचा?

नेनेबाईंनी मागे डोकावून पाहिलं. "अहो, याला भिंतीशी इतकं दाबून का बसवलंय? वर हे लोंबणारं कव्हर. उन्हाळ्यात शाल पांघरून बसाल का तुम्ही?"

"मागे धूळ जाऊ नये म्हणून," मी म्हणाले.

"धूळ गेलीच आहे. आता हवा जाऊ द्या."

बटण बंद करून आम्ही दोघींनी तो वीतभर पुढे ओढला, मागची जाळी पुसली, कव्हर काढलं. संध्याकाळपर्यंत सततची घुरघुर थांबली.

सगळं जवळ, घट्ट लावलं की घर नीट राहतं, असं मी समजत आले. माणसांनाही तेच लावलं. तुमचे आईबाबा तुम्हाला घेऊन दूर राहायला निघाले तेव्हा म्हणूनच घर विस्कटल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं, वस्तूला काय, माणसाला काय, थोडी जागा सोडावी.

फ्रिज मधूनच गप्प होतो, तेव्हा बिघडला की काय, असं अजून वाटतं. पण बघायला म्हणून दार सारखं उघडायचं नाही, असं नेनेबाईंनी बजावलंय. मी नुसती कान देऊन बसते. थोड्या वेळाने तो आपला आपण सुरू होतो.