ओट्यात अडकलेली चारचाकी

गल्लीत राहायचो तेव्हा आम्हा चौघांत मिळून एक सायकल होती, आणि तीही बहुतेक वेळा शेजाऱ्यांकडेच असायची. किराणा समोर, पिठाची गिरणी कोपऱ्यावर, आणि भांडायला माणूस हवं असेल तर तेही हाकेच्या अंतरावर. सायकल लागणार कुणाला?

मग नंदुरबारबाहेरच्या कॉलनीत प्लॉट घेऊन घर बांधलं. रस्ते रुंद, सरळ. फक्त त्यांच्यावर दुकान नाही, रिक्षा नाही, माणूसही नाही. कोथिंबीर आणायची तरी किल्ली शोधावी लागते. बायको खांडबाऱ्याला शिकवते, तिला स्टेशन गाठायला स्कूटर आली. मुलाला कॉलेजसाठी मोटारसायकल आली. आईचे गुडघे दोन्हींवर चढू देईनात, म्हणून मी जुनी चारचाकी घेतली. आमच्याकडे पाहुणा आला की आधी गाड्या मोजतो, मग माणसं.

पण आईचं खरं दुखणं गुडघ्यांत नव्हतंच. एका सकाळी तिने कपड्यांचं बोचकं बांधलं.

"आठे बोलाले नुसत्या भिंती शेतस. जुना घरनं कुलूप उघडी दे. मी तठेच ऱ्हासू."

जुन्या घरात, एकटी, असल्या गुडघ्यांनी! पण आईला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. घरातली धूळ बघितली की आपणच परत फिरेल, असं मनाशी म्हणत मी निघालो. ती म्हणाली, "चौकमाच थांबाड." मी म्हणालो, "छे, दारात उतरवतो." खरं सांगायचं तर गल्लीने माझी गाडी अजून पाहिली नव्हती.

आमच्या गल्लीत एक रीत आहे. घराला रंग दिला की ओटा वीतभर पुढे घ्यायचा. सगळेच घेतात, त्यामुळे तक्रार कोण करणार? लहानपणी बैलगाडी जायची त्या गल्लीत आता म्हैस अंग चोरून जाते. हे मला ठाऊक होतं. तरी आरसे मिटून मी गाडी घातली, आणि बरोबर आमच्या दारासमोर ती दोन ओट्यांच्या मध्ये गच्च बसली. पुढे जाईना, मागे येईना. दारं ओट्यांना टेकलेली, उघडायचं नाव नाही.

समोरच्या ओट्यावरचे काका पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "भाऊ, हाई गल्ली शे, हायवे नही!" मग आमच्या ओट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आनि हाऊ ओटा कोना शे? तुन्हाच ना? मागली दिवाळीले तूच पुढे लिधा!"

खरंच होतं. घर सोडायच्या आधी शेवटची वीत मीच घेतली होती, तीही भक्कम सिमेंटात.

काकांनी छन्नी-हातोडा आणला. मी खिडकीतून कसाबसा बाहेर पडून आमच्याच ओट्याचा कोपरा फोडायला बसलो. आई आतच. तिच्या खिडकीशी मात्र जत्रा भरली. एकीने चहा आत दिला, दुसरीने भाकरी-ठेचा.

"ओ माय, गाडीमाच घर मांडी लिधं का?"

"काय करू? पोऱ्याले घाई व्हती ना!"

माझ्या पाठीवर ऊन आणि तिचं हसणं, दोन्ही येत होतं. कितीतरी महिन्यांनी ती अशी हसत होती. आता ही काही परत यायची नाही, असं वाटून माझा हातोडा मुद्दामच मंद पडू लागला.

आणि मग तिचा आवाज ऐकला, ओट्यावर रोज सोबत बसणाऱ्या मैत्रिणीची चौकशी करणारा. "कुसुंबीवाली कोठे शे? दिसनी नही."

"ती गयी ना माय, तिना पोऱ्यानी तुमनी कॉलनीमाच बंगला बांधा. तुन्हाच आंगे, पाण्यानी टाकीना मांगे. रोज रडस, बोलाले कोनी नही म्हने."

कोपरा निखळला. चौघांनी ढकलून गाडी मागे चौकात आणली. आईला उतरायला मी दार उघडलं आणि कुलपाची किल्ली पुढे केली. तिने किल्लीकडे बघितलंही नाही. बोचक्यावर कोपर टेकवून ती आरामात बसली.

"दार लाव. पाण्यानी टाकीकडे ले," ती म्हणाली. "तिले संगे लिसन मंग आपला घर जाऊत. कढी टाकस मी."

'आपला घर' म्हणजे कॉलनीतलं. मी दार इतक्या घाईने लावलं की माझंच बोट सापडलं. दुखलं, पण ओरडायचं सुचलंच नाही.